एक लाकूडही ठेवणार नाही

२ फेब्रुवारी १९८६, रविवार. सकाळी

नवी डायरी आज उघडली. महिनाभर कोरी राहिली यात माझा दोष नाही. सौंसरात लिहिण्यासारखं काही घडत नाही.

आज घडलं. प्रमिलाने कॅलेंडर लावायला भिंतीत खिळा ठोकायला घेतला. तिसऱ्या ठोक्याला घरमालकीण शकुबाई दारात हजर. म्हणाली, धोटे बाबू, माया भितीले भोकं काऊन पाडून राह्यले जी? भाड्यानं खोल्या देल्या, भिती नाई देल्या. मी तिला इंग्रजीत उत्तर दिलं. तिला ते कळलं नाही, पण खिळा काढावा लागला. प्रमिलाने कॅलेंडर पुन्हा ट्रंकेवर आडवं ठेवलं. बावीस वर्षांच्या संसारात तिची सगळी कॅलेंडरं आडवीच राहिली.

निश्चय: यंदा स्वतःचं घर. स्वतःच्या घरात खिळा ठोकताना माणूस कुणाला विचारत नसतो.

तोच दिवस, संध्याकाळी

मोहगावहून मुलीचं, उर्मिलाचं पत्र. पहिलं बाळंतपण, जूनच्या सुरुवातीला. रीतीप्रमाणे माहेरी येणार. इथे दोन खोल्या, त्यातल्या एकीत शकुबाईच्या बकऱ्यांचा चारा. प्रमिला म्हणते, बाळंतिणीची बाज टाकाले एक आडोशाची खोली पाह्यजे, बाकी मले काही नाई पाह्यजे. किती लहान स्वप्नं बघतात बायका! मी पाच खोल्यांच्या खाली विचारच करत नाही.

५ फेब्रुवारी

घर घेण्याच्या पद्धतीवर मनन. लोक घर बघायला जातात आणि घराची तारीफ करत बसतात. गार आहे, मजबूत आहे. मालक भाव वाढवतो. गाढवपणा. माझी पद्धत उलटी. आधी घराची लायकी काढायची. मालकाला स्वतःच्या घराची लाज वाटली पाहिजे. मग भाव आपोआप खाली येतो. सिंचन खात्यात चोवीस वर्षं मी ठेकेदारांची बिलं अशीच कापली. उगाच बडे बाबू म्हणत नाहीत.

देवीदास हा माझ्या हाताखालचा क्लार्क. अर्जाची तारीख शेवटी घालतो की सुरुवातीला हे अजून त्याला ठरवता आलेलं नाही. पण त्याच्याकडून आज कळलं की बाजारामागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीपलीकडे, नत्थूजी नावाचा म्हातारा विकायला बसला आहे. रविवारी जातो.

९ फेब्रुवारी, रविवार

फत्ते! सविस्तर लिहितो, पुढे उपयोगी पडेल.

नत्थूजी सत्तरीचा. धोतर, बंडी, पुढचे दात चार. बायको गेली. मुलगा बोरगावला संत्र्याच्या बगीच्यात राहतो, म्हातारा त्याच्याकडे जाणार. बसायला बाज टाकली, पुढे संत्र्यांची टोपली ठेवली. मी आठ खाल्ली. खाताना तोंड आंबट ठेवलं. पद्धतीचाच भाग.

घर पाच खणांचं. सागवानी खांब, त्यांवर आडव्या तुळया म्हणजे मयाली, त्याही सागवानी, वर कवेलूंचं छप्पर, मागे आंगण. प्रमिला आत शिरताच म्हणाली, किती गार वाटते इथं. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

म्हातारा म्हणाला, बावीस हजार. मी हसलो. म्हटलं, याला तुम्ही घर म्हणता? ही बुरसटलेली लाकडं आणि ही काळी कवेलू? यांचा मी एक पैसा देणार नाही. उद्या उचलून नेलीत तरी मला फरक पडत नाही. मला जागेशी मतलब. जागेचं बोला.

म्हाताऱ्याने वर आढ्याकडे बघितलं. मग म्हणाला, निऱ्या जाग्याचंच म्हनत असान तं चौदा. मंग लाकडाचं मले बी बरंच होते.

आठ हजार! एका वाक्यात! शेवटचं ते लाकडाचं काहीतरी तो स्वतःशीच बोलला. हरलेली माणसं पुटपुटतात.

वाटेत प्रमिलाने विचारलं, लाकडाचं काय म्हनत होते ते बाबाजी? मी म्हटलं, व्यवहारात बायकांनी डोकं घालू नये, दुखतं.

१० फेब्रुवारी

ऑफिसात सगळ्यांना पद्धत समजावून सांगितली. दोन तास लागले. देवीदासने विचारलं, बडे बाबू, घर धरून चौदा का? म्हटलं, घर सोडून घर कोण घेतं? सगळे हसले. देवीदास हसला नाही. त्याला विनोद उशिरा कळतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

पांढुर्ण्याला जाऊन आलो. प्रमिलाच्या मोठ्या भावाला, यशवंतरावांना, आनंदाची बातमी द्यायला. संत्र्याचा व्यापारी. दोन मजली स्लॅब. बाहेरून पोपटी, आतून गुलाबी. दरवेळी वरच्या मजल्यावर नेऊन नळ सोडून दाखवतात, जणू गावात पाणी यांनीच आणलं. पाणी आलं की माझ्या तोंडाकडे बघतात. आजही बघितलं.

म्हणाले, जवाईबापू, कागद कराच्या आंधी मले एक डाव दाखवा. सागवानाची पारख लागते. मी म्हटलं, तुम्ही संत्री पारखा. त्यांनी राग धरला नाही. जाडी कातडी.

अक्षय तृतीयेला गृहप्रवेश करणार, त्यांनाच पहिलं बोलावणार. माझ्या पाच खणांत उभे राहून त्यांना त्या गुलाबी भिंती आठवल्या पाहिजेत.

२६ फेब्रुवारी

रजिस्ट्रीचा मसुदा. अर्जनवीसाकडे गेलो नाही. तहसीलबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या माणसाने मला ड्राफ्टिंग शिकवायचं? मीच लिहिला. तीन पानं, मध्य प्रदेश सरकारच्या हिंदीत, एक खाडाखोड नाही.

यात दोन गोष्टी मला स्वतःलाच आवडल्या.

पहिली. मालमत्तेच्या वर्णनात घर लिहिलंच नाही. लिहिलं, खुला प्लॉट. घर लिहिलं की किंमत वाढवून धरतात आणि स्टॅम्प वाढतो. सातशे रुपये वाचले. अशी युक्ती सुचायला खात्यात चोवीस वर्षं काढावी लागतात.

दुसरी. हे खेडवळ लोक घर विकतात आणि मग सहा महिने कडबा, गोवऱ्या, सरपण तिथेच ठेवतात. म्हणून कलम घातलं: विकणारा अक्षय तृतीयेच्या सूर्योदयापर्यंत जागा पूर्ण मोकळी करून देईल, तिच्यावर एक लाकूडही ठेवणार नाही, ठेवल्यास रोज दहा रुपये दंड. एक लाकूडही! वाचताना अंगावर काटा आला.

देवीदासला टायपिंगसाठी दिला. तो म्हणतो, बडे बाबू, कागदात जसं लिवलं तसंच धरतात जी. म्हटलं, म्हणूनच मी लिहिलं.

३ मार्च, सोमवार

रजिस्ट्री झाली. जी.पी.एफ.चं कर्ज आणि प्रमिलाच्या पाटल्या मिळून चौदा हजार मोजून दिले. पाटल्या तिने स्वतःच काढून दिल्या. मनगट मात्र दिवसभर चोळत होती. उष्णता असेल.

म्हाताऱ्याने मसुदा दोनदा वाचून घेतला. एकदा माझ्याकडून, एकदा त्या छत्रीवाल्या अर्जनवीसाकडून. दोघांनी तेच वाचलं. दंडाच्या कलमाला म्हातारा घाबरला, हे मी तोंडावर बघितलं. म्हणाला, एक लाकूडबी नाई ठेवाचं म्हनता? म्हटलं, एकही नाही. अक्षय तृतीयेलोक? म्हटलं, सूर्योदयापर्यंत. त्याने बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाला, होते. चार मानसं लावतो. मग एवढा वेळ घेऊन सही केली की मधे शिपायाने चहा पिऊन घेतला.

कडबा हलवायला चार माणसं! माझ्या ड्राफ्टिंगचा धाक.

५ मार्च

शकुबाईला खोल्या सोडण्याची नोटीस दिली. इंग्रजीत, टाइप करून, कार्बन कॉपी माझ्याकडे. तिने ती दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून वाचून घेतली आणि जागच्या जागी त्यालाच खोल्या कबूल केल्या. १२ मेपासून. म्हटलं ठीक, पूल जाळून टाकलेले बरे. प्रमिला म्हणाली, थोडं थांबाचं होतं जी, घर हाती येईस्तोर. काय ही दृष्टी.

२३ मार्च, रविवार

प्रमिलाला घर दाखवायला नेलं. तिला पडद्यांची मापं घ्यायची होती. सयपाकघराचा मागचा खण तिने तीनदा बघितला. उजेड येतो, वारा लागत नाही, मोरी जवळ. म्हणाली, उर्मीची बाज इथं. मी म्हटलं, तू लहानच विचार कर. तिने भिंतीवर हात फिरवला आणि बोटाने एक जागा दाबून ठेवली. कॅलेंडरची जागा असावी.

एक चमत्कारिक गोष्ट. प्रत्येक खांबावर, मयालीवर, दारावर गेरूने आकडे घातलेले. एक, दोन, तीन, थेट एकेचाळीसपर्यंत. प्रमिलाने विचारलं, हे काय जी? म्हटलं, मलेरिया खातं. फवारणीवाले घरोघर असे आकडे टाकतात. ती म्हणाली, मलेरियावाले भितीवर टाकतात, लाकडावर कुठं टाकतात? आणि दारावर डावं-उजवं कशाले लिवतात?

म्हाताऱ्याला विचारणार होतो, पण त्याने संत्री आणली. मृग बहाराची शेवटची. बरी होती. तोंड आंबट ठेवायची आता गरज नव्हती, तरी सवयीने राहिलं.

११ एप्रिल

ऑफिसातून येताना सहज गल्लीत शिरलो. म्हातारा आंगणात उभा राहून छपरावरची कवेलू मोजत होता. ओठ हलत होते. विकलेल्या घराची कवेलू मोजणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. म्हटलं, काय बुवा, जीव गुंतला का? म्हणाला, गुंतन नाई तं काय. मायी बुढी या घरात आली तवा पंधरा वर्साची होती. तिले कसं सोडू? घर संगंच नेतो बोरगावले.

अडाणी माणसं कधीकधी कविता बोलतात. मला थोडी कीव आली. पाठीवर थोपटलं आणि म्हटलं, न्या, न्या.

२७ एप्रिल, रविवार

गृहप्रवेशाची तयारी. निमंत्रणं: ऑफिसचे आठ, यशवंतराव सहकुटुंब, शकुबाई. हिला बोलावणं म्हणजे माझा मोठेपणा. जेवण: पुरणपोळी, आमरस, वडाभात. पंगत मधल्या दोन खणांत. यशवंतरावांना दाराजवळ बसवायचं, म्हणजे सागवान नाकासमोर येईल.

निश्चय: सामान बांधताना प्रत्येक गठ्ठ्याची यादी, तीन प्रतींत.

३० एप्रिल

पहिल्या गठ्ठ्याची यादी केली. तिन्ही प्रती गठ्ठ्यातच बांधल्या गेल्या.

उद्या छिंदवाड्याला. दहा दिवसांचं ट्रेनिंग, विषय टिप्पणी आणि मसुदालेखन. मला कशाला पाठवतात हे कळत नाही. शिकवायला पाठवलं असतं तर समजलो असतो.

६ मे, छिंदवाडा

प्रमिलाचं पोस्टकार्ड. तिचं मराठी म्हणजे बोलते तसंच लिहिते. लिहिलं आहे: तुमी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घर पाहाले गेली. कवेलू उतरवून राह्यले. चार मानसं आहेत. दारं काढून भितीले टेकवली. तुमी लौकर या.

हसू आलं. लगेच उत्तर टाकलं: काळजीचं कारण नाही. दंडाच्या भीतीने म्हातारा छप्पर नवं करून देतो आहे. पावसाळ्याआधी कवेलू फेरावीच लागतात. दारांना तेल लावत असतील. मधे पडू नये, काम बिघडेल.

ट्रेनिंगमध्ये आज शब्द नेमके वापरावेत यावर भाषण होतं. मागच्या बाकावर बसून माझ्या मसुद्याची प्रत पुन्हा वाचली. शिकवणाऱ्याला दाखवावीशी वाटली, पण उगाच त्याचं मन कशाला दुखवा.

९ मे, छिंदवाडा

दुसरं पोस्टकार्ड. दोनच ओळी: तुमचं कार्ड भेटलं. मी बाबाजीशी बोलली. बाकी तुमी आल्यावर पाहासान.

काय बोलली, लिहिलेलं नाही. हिला काय मुद्देसूद लिहिता येणार.

११ मे, रविवार. संध्याकाळी

सौंसरला पोचलो. गाडी लेट. प्रमिला सामान बांधून बसलेली. घराचं विचारलं तर म्हणाली, उद्या पाहाच. चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हटलं, सरप्राइज का? ती म्हणाली, हो, तसंच म्हना.

१२ मे, अक्षय तृतीया. सकाळी ९

आजचा दिवस. बैलबंडी दारात उभी. दोन खेपांत सामान हलेल. अकराला पाहुणे, बाराला पूजा, एकला पंगत. कोसा रेशमाचा सदरा घातला आहे. निघताना शकुबाईच्या भिंतीत एक खिळा ठोकला. चांगला चार इंची, मुळापर्यंत. बावीस वर्षांचा हिशेब मिटला. ती नळावर गेली होती.

तोच दिवस. दुपार, किती वाजले माहीत नाही

घर नाही.

गल्लीच्या तोंडाशी बंडी आली आणि मला वाटलं गल्ली चुकली. मागे जाऊन मोजत आलो. पिंपळ होता. गिरणी होती. पुढे घर पाहिजे होतं. पुढे पांढऱ्या चुन्याने चौकोन आखलेली जागा होती, झाडून सडा टाकलेली. हातात खराटा घेऊन नत्थूजी उभा होता.

म्हणाला, या बाबूसाहेब. सुर्व्या निघाच्या आंधी मोकळं केलं. मातीच्या भिती पाडल्या त्याची मातीबी उचलून नेली. पाहून घ्या, समोर एक काडी नाई.

मी विचारलं, घर कुठे आहे?

म्हणाला, बोरगावले. सांगतलं होतं ना तुमाले. तुमीच तं म्हनलं, लाकडाचा पैसा देत नाई, उचलून नेलं तरी चालते. कागदातबी तेच लिवलं. म्यां दोनदा वाचून घेतलं.

तेवढ्यात पाहुणे आले. सगळे एकदम. ऑफिसचे आठ. यशवंतराव सहकुटुंब, हातात भिंतीवरचं मोठं घड्याळ. आहेर. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, जवाईबापू, कुठं लावाचं? ते खवचटपणे विचारत नव्हते. त्यामुळे जास्त लागलं. मग म्हाताऱ्याला विचारून घेऊन म्हणाले, पाच खनाचं सागवान? बाप रे, त्या लाकडाचेच आज वीस हजार येतात. अन जवाईनं जागा घेतली?

शकुबाई बंडीला टेकून उभी होती. तिने काहीच म्हटलं नाही. सौंसरातल्या कुठल्याही माणसाने माझ्याशी याहून वाईट वागलेलं मला आठवत नाही.

मग दिसलं. मागच्या कोपऱ्यात सयपाकघराचा खण तसाच उभा होता. एकटा. सहा खांब, दोन मयाली, वर कवेलू, तीन बाजूंना जुनी भिंत आणि समोर बांबूचा नवा तट्टा लावलेला. प्रमिला सरळ तिकडे चालत गेली आणि आत जाऊन पाण्याची घागर ठेवली.

नत्थूजी माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, बाबूसाहेब, एवढा खन मोडाले घेतला होता, पन मायबाई रोज येऊन बसे. म्हने, बाबाजी, पोरगी पहिलटकरीन आहे, एवढा आडोसा राहू द्या. मी म्हनलं, ठेवतो. पन कागदात लिवलं, एक लाकूडबी ठेवाचं नाई, रोजचे दहा रुपये दंड. मी कुठून भरू? तुमी आता लिहून द्या, का यावर दंड नाई.

सगळे बघत होते. मी पेन काढलं. कागद ठेवायला काही नव्हतं. देवीदास न सांगता पुढे आला आणि पाठ वाकवून उभा राहिला. त्याच्या पाठीवर मी लिहिलं: नत्थूजी यांनी सयपाकघराचा एक खण लाकडासह जागेवर ठेवला आहे. माझी हरकत नाही. दंड नाही. खाली सही. सही करत असताना देवीदासने हळूच विचारलं, बडे बाबू, झालं का?

तिथे मला लाज वाटली. फार वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या मी ते नाकबूल करीन.

पंगत झाली. मोकळ्या जागेवर, उन्हात, डोक्यावर टॉवेल घेऊन. सगळे पोटभर जेवले, नत्थूजीसुद्धा. देवीदास वाढत होता.

१३ मे

काल जे लिहिलं ते उन्हामुळे.

शांतपणे विचार केला. फसवणुकीचा दावा लावणार. मसुदा घेऊन तहसीलबाहेरच्या अर्जनवीसाकडे गेलो. छत्रीखाली बसून त्याने तिन्ही पानं वाचली. मग चष्मा काढून म्हणाला, बडे बाबू, कोनं लिवलं हे? लय पक्कं काम आहे. यात वकिलाले बोट घालाले जागा नाई.

त्याला ड्राफ्टिंग कळतं. एवढं मान्य केलं पाहिजे.

तिथून शकुबाईकडे. निव्वळ चौकशी म्हणून, की खोल्या महिनाभर मिळतील का. कंपाउंडर राहायला आला होता. माझ्या चार इंची खिळ्यावर त्याचा शर्ट लटकत होता. शकुबाई म्हणाली, खिळा राहू देला बाबू, तुमची आठवन. खोल्या तं गेल्या. सामान ठेवाचं असन तं बकऱ्याच्या कोठ्यात ठेवा, पैसे नाई घेत. मी बाणेदारपणे नाही म्हटलं. संध्याकाळी ट्रंका आणि दोन गठ्ठे कोठ्यात ठेवले.

१८ मे, रविवार

बोरगावला गेलो. म्हाताऱ्याला जाब विचारायला. निदान दोन खण परत मागायचे, ठामपणे. वाक्यं सायकलवर पाठ केली.

बगीच्याच्या कडेला घर उभं होतं. ओळखलं. एक ते एकेचाळीस आकडे, मधले आठ सोडून. अर्ध्या भागावर कवेलू चढली होती. आत गेलो. गार होतं. हे मी पहिल्यांदा म्हणतो आहे.

मागच्या बाजूला खण नव्हता तिथे नुसती माती. नत्थूजी बाहेर संत्र्याच्या झाडाखाली, तीन दगडांच्या चुलीवर भाकर थापत होता. सयपाकघर कुठे, विचारणार होतो. विचारलं नाही. मला माहीत होतं कुठे आहे ते.

त्याने भाकर, ठेचा आणि कांदा वाढला. म्हणाला, पोरगी आली का? म्हटलं, पुढच्या रविवारी येते. म्हणाला, मयालीले भिऊ नका, पाळना बांधा, तुटत नाई. मायी सारी लेकरं तिच्यावरच झुलली.

दोन खण मागितले नाहीत. सयपाकघर नसलेलं घर बांधणारा माणूस. प्लॅनिंग नाही या लोकांना. परत येताना सायकल पंक्चर झाली, बरंच अंतर चालत यावं लागलं. बरंच झालं, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

२५ मे, रविवार

उर्मिला आली. जावयाने मला विचारलं, बाबा, बाकीचं घर कधी? म्हटलं, फेज वनमध्ये एक खण, फेज टूमध्ये उरलेले. त्याने मान हलवली. इंजिनीअर नाही म्हणून बरं, नाहीतर नकाशा मागितला असता.

उर्मिलाला खण आवडला. म्हणाली, आई, इथं किती गार वाटते. यावेळी मी कुणाला डोळ्यांनी गप्प केलं नाही.

नियम: बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. प्रमिलाचा नियम. माझी बाज बाहेर टाकली. यशवंतरावांनी दिलेलं घड्याळ आत आहे. वेळ बघायची असली तर तट्ट्याबाहेरून विचारावी लागते.

८ जून, रविवार

पहाटे नात झाली. दोघी ठीक. सुईण म्हणाली, चांगल्या खोलीत झाली. तट्ट्याआडून रडणं ऐकलं. आवाज माझ्यावर गेला आहे, तक्रारीचा.

पाळणा सतरा नंबरच्या मयालीला. गेरूचा आकडा अजून आहे. प्रमिला पुसू देत नाही.

आज तिने स्वतः खिळा ठोकला. तीन ठोके, कुणी दारात आलं नाही. कॅलेंडर लावलं. बाहेरून, तट्ट्याच्या फटीतून मला जून महिना उभा दिसला.

माझा सदरा चार दिवस बाजेच्या खुरावर लटकतो आहे. म्हणून विचारलं, त्या भिंतीत, अगदी दाराजवळ, माझ्यासाठी एक खिळा ठोकू का?

म्हणाली, सव्वा महिना होऊ द्या, मंग पाहू.

बाज प्लॉटच्या मधोमध आहे. चारी बाजूंना काही नाही. रजिस्ट्रीत लिहिलं आहे तसं.